उभा सांधा : काळ्या वेल्डरांच्या लढ्याचे एक प्रकरण

लोखंडाच्या दोन प्लेटा जमिनीवर आडव्या ठेवून जोडणे आणि त्याच दोन प्लेटा भिंतीसारख्या उभ्या करून खालून वर जोडत जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आडव्या कामात वितळलेला धातू जिथे पडतो तिथेच थांबतो. उभ्या कामात तो खाली ओघळू पाहतो. रॉडच्या टोकाशी रस तयार होतो न होतो तोच त्याला वर न्यायचे असते, आणि तेही हातातल्या जळत्या, क्षणाक्षणाला आखूड होत जाणाऱ्या रॉडने. कारखान्यात याला नुसते 'व्हर्टिकल' म्हणतात. नव्या पोराला पहिल्यांदा व्हर्टिकल मारायला सांगितले की प्लेटेवर द्राक्षांसारखे घड लोंबतात आणि आजूबाजूचे हसतात.

माझ्यावरही हसले होते. मी ज्या संस्थेत हे काम शिकलो तिथे रॉड मोजून मिळत. निदेशकांची मर्जी असलेल्या पोरांना ते थोडे अधिक मिळत. आम्ही काही जण दुसऱ्यांनी टाकून दिलेले जळके तुकडे गोळा करून त्यांच्यावर हात बसवीत होतो. कितीतरी दिवस काही जमले नाही. करंट आडव्या कामाएवढाच ठेवत होतो, म्हणून रस पातळ होऊन गळत होता. रॉड लांब धरत होतो, म्हणून ठिणग्याच जास्त उडत होत्या. मग केव्हातरी ध्यानात आले की आपण उजेडाकडे पाहतो आहोत. पाहायला हवे ते उजेडामागच्या रसाकडे. करंट थोडा उतरवला, कोपर बरगडीला टेकवले, रॉडचे टोक किंचित वर रोखून कामाच्या जवळ ठेवले. डाव्या कडेला क्षणभर थांबायचे, मधून झटकन जायचे, उजव्या कडेला पुन्हा थांबायचे. कडांना थांबले नाही तर तिथे खाच पडते, मध्ये रेंगाळले तर पोट सुटते. खालचा घट्ट झालेला धातू पायरीसारखा होतो आणि वरचा त्याच पायरीवर बसतो. एवढेच त्याचे शास्त्र. पण हे 'एवढेच' हातात उतरायला काही किलो रॉड जाळावे लागतात. त्याला दुसरा मार्ग नाही.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, कौशल्य जन्माने येते, ते रक्तात असते, ही आपल्याकडची फार जुनी श्रद्धा आहे. सुताराचा मुलगा सुतार, सोनाराचा सोनार, आणि ज्यांच्या वाट्याला मेलेली ढोरे ओढणे आले त्यांच्या मुलांच्या हाताला दुसरे काही जमणार नाही. विजेच्या वेल्डिंगला मात्र असा वंश नाही. ते मनूच्या काळी नव्हते, बाराबलुतेदारांत नव्हते. रशियात बेनार्दोस यांनी कार्बनच्या कांडीने हे काम सुरू केले ते 1880 च्या दशकात. ऑस्कर केलबर्ग या स्वीडिश माणसाने जहाजांचे बॉयलर दुरुस्त करता करता रॉडवर लेप चढवण्याची युक्ती काढली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. या लेपामुळेच उभ्या आणि डोक्यावरच्या सांध्यांचे काम भरवशाचे झाले. म्हणजे जगातला कोणताही समाज आपण पिढ्यान्‌पिढ्या वेल्डर आहोत असे म्हणू शकत नाही. मग या नव्या, वंश नसलेल्या धंद्यात तरी दरवाजे उघडे राहिले काय? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेत सापडते. तिथले काळे कामगार त्या उत्तराची किंमत मोजून बसले आहेत.

जहाज बांधणे हे तोपर्यंत रिव्हेटचे काम होते. त्यात तयार व्हायला उमेदवाराची वर्षे जात. 1941-42 मध्ये अमेरिकेला जहाजे शेकड्यांनी हवी झाली. जर्मन पाणबुड्या जेवढी बुडवीत होत्या त्याहून अधिक बांधायची होती. 'लिबर्टी' जातीची 2,710 जहाजे युद्ध संपेपर्यंत बांधून झाली. हे रिव्हेटने होणे शक्यच नव्हते. जहाजाचे मोठमोठे भाग जमिनीवर तयार करायचे, ते उलटेपालटे करून शक्य तेवढे सांधे आडव्या स्थितीत मारायचे आणि मग क्रेनने उचलून गोदीत एकमेकांना जोडायचे, अशी पद्धत बसवली गेली. त्यामुळे आजवर यार्डाचे फाटकही न पाहिलेला माणूस काही आठवड्यांत आडवे वेल्डिंग मारू लागला. शेतमजूर, शिंपी, हॉटेलातले वाढपी, घरकाम करणाऱ्या बाया, सारे वेल्डर झाले. वर्षानुवर्षांची उमेदवारी म्हणून जिचा दबदबा होता ती गोष्ट आठवड्यांवर आली. कारागिरीचे गूढ किती खरे असते आणि किती राखलेले असते, हे यावरून दिसते.

तरी सगळे सांधे आडवे करता येत नाहीत. भाग गोदीत उभे राहिले की जहाजाच्या कुशीतले सांधे उभेच मारावे लागतात, तळाचे डोक्यावर मारावे लागतात. म्हणून यार्डात एक शिडी होती. हेल्पर, मग टॅक मारणारा, मग आडवे काम करणारा, आणि उभ्या व डोक्यावरच्या कामाची चाचणी उतरल्यावर पुरा कारागीर. चाचणी साधी होती. सांध्यातून पट्टी कापायची, ती यंत्रात वाकवायची, तडा गेला तर नापास. पट्टीला रंग कळत नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या यार्डांत कारागिराला तासाला 1 डॉलर 20 सेंट मिळत, हेल्परला 95 सेंट. तासाला पंचवीस सेंटचा हा फरक म्हणजे उभ्या सांध्याची किंमत, असे ढोबळपणे म्हणायला हरकत नाही.

या शिडीपाशी बॉयलरमेकर्सची युनियन उभी होती. नाव मोठे सुंदर : आंतरराष्ट्रीय बंधुसंघ. बंधुता हा शब्द आपल्याला फार जवळचा, म्हणून हे वाचताना मला थांबावे लागले. या बंधुसंघात नव्या सभासदाकडून अशी शपथ घेतली जाई की तो फक्त गोऱ्या माणसाचेच नाव सभासदत्वासाठी सुचवील. पुढे काळे कामगार यार्डात येऊ लागले तेव्हा 1937 च्या अधिवेशनाने एक तोड काढली. काळ्यांसाठी वेगळ्या दुय्यम शाखा. वर्गणी भरायची, पण मुख्य शाखेच्या कारभारात मत नाही. राष्ट्रीय अधिवेशनात प्रतिनिधी नाही. विम्याचे फायदे कमी. हेल्परचा कारागीर व्हायचे असेल तर गोऱ्यांच्या मुख्य शाखेची संमती हवी. पट्टी वाकवण्याच्या यंत्राने पास केलेल्या माणसाला पुन्हा या यंत्रातून जावे लागे, आणि हे दुसरे यंत्र रंग पाहत होते. युद्धात बायांना सभासद करून घ्यायचे 1942 मध्ये या युनियनने ठरवले. गोऱ्या बाया मुख्य शाखेत गेल्या, काळ्या बाया दुय्यम शाखेत. ज्या पुरुषांना बायकांच्या बरोबरीने काम करणे अपमानाचे वाटत होते त्यांनी तोही अपमान गिळला, पण रंगाची भिंत तशीच ठेवली.

हे वाचताना मनमाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला तिथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे प्रतिपादन आपल्या सर्वांना माहीत आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांची जी उकल केली ती कमी वाचली जाते. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि त्यात विटाळ येतो. कारखान्यांतल्या कुशल जागांचीही तीच कथा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार असेच बंद होते. धोट्यात धागा ओढायला तोंड लावावे लागे, म्हणून अस्पृश्य तिथे नको, आणि जास्त पगार नेमका तिथेच. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा कामगारपुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला होता. अमेरिकेतल्या 1937 च्या ठरावात आणि मनमाडच्या 1938 च्या भाषणात फक्त काही महिन्यांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी माणसाला कामावर घेण्यास नकार नव्हता. नकार होता तो खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जाण्याला.

अमेरिकेतल्या काळ्यांनी याविरुद्ध आधी सरकारला घेरले. पुलमन गाड्यांतील पोर्टरांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची घोषणा केली. त्या धाकाने अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 25 जून 1941 रोजी 8802 क्रमांकाचा आदेश काढला. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वंशभेद करता येणार नाही, असे तो सांगत होता. अंमलबजावणीसाठी समिती नेमली. समितीला दात नव्हते. तरी तिच्या दडपणाने काय घडले, हे अलाबामा राज्यातल्या मोबील बंदरात दिसले.

तिथल्या 'अलाबामा ड्राय डॉक' यार्डात काळे हजारोंनी होते, पण जवळपास सारे बिनकौशल्याच्या कामावर. समितीने 1942 च्या नोव्हेंबरात त्यांना बढती देण्यास सांगितले. कंपनी महिनोन्‌महिने टाळत राहिली. शेवटी 24 मे 1943 च्या रात्रपाळीला बारा काळे वेल्डर कामावर चढवले. फक्त बारा, आणि तेही रात्री! रात्र शांत गेली. बाराही जणांनी आपले काम केले. सकाळची पाळी आली आणि गोरे कामगार पाइप, दांडकी, हाताला लागेल ते घेऊन दिसेल त्या काळ्या माणसावर तुटून पडले. मार खाणाऱ्यांत बहुतेक असे होते की ज्यांनी कधी होल्डर हातात धरला नव्हता. सुमारे पन्नास माणसे जखमी झाली. लष्कर आणावे लागले. गंमत अशी की या यार्डातली युनियन बॉयलरमेकर्सची नव्हती. ती सी.आय.ओ.ची होती, तिच्या घटनेत समता होती आणि पुढाऱ्यांनी बढतीला संमती दिलेली होती. कागदावरची समता यार्डाच्या जमिनीवर एक सकाळही टिकली नाही. वर्गाची एकजूट झाली की जात आपोआप विरघळेल, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी मोबीलची ती सकाळ जरूर अभ्यासावी. तडजोड काय झाली? चार गोद्या काळ्यांसाठी वेगळ्या काढल्या. तिथे काळे वेल्डिंगसह सगळी कामे करतील, फक्त फोरमन गोरा राहील. म्हणजे काळ्या माणसाला उभा सांधा येतो, हे सर्वांनी मान्य केले. त्याने तो गोऱ्याच्या शेजारी उभे राहून मारू नये, एवढेच उरले.

जिथे हा प्रश्न खऱ्या अर्थाने कोर्टात भिडला ते ठिकाण दुसऱ्या किनाऱ्यावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसलिटो नावाचे गाव आहे. तिथे बेख्टेल कंपनीने 1942 च्या मार्चमध्ये चिखल भरून यार्ड उभारायला घेतले. नाव मरीनशिप. भरभराटीच्या काळात तिथे सुमारे वीस हजार माणसे कामाला होती. युद्ध संपेपर्यंत या यार्डाने 93 जहाजे बांधली, त्यांत 15 लिबर्टी आणि उरलेले टँकर. कामगारांसाठी जवळच मरीन सिटी ही वस्ती घाईघाईने वसवली. तीत गोरे-काळे शेजारी राहत होते. वस्तीत जे चालले ते युनियनमध्ये चालले नाही.

जोसेफ जेम्स हा या यार्डातला काळा वेल्डर. मूळचा गायक, नाटकमंडळीबरोबर कॅलिफोर्नियात आला आणि इथेच राहिला. हेल्परपासून सुरुवात करून तो पुरा कारागीर झाला होता. म्हणजे पट्टी वाकवून पाहून झाली होती, त्याचा सांधा तुटला नव्हता. 1943 च्या उन्हाळ्यात बॉयलरमेकर्सनी मरीनशिपमधल्या काळ्यांसाठी ए-41 क्रमांकाची दुय्यम शाखा काढली आणि तीत नाव नोंदवण्याचा हुकूम सोडला. जेम्स आणि शेकडो साथीदारांनी नकार दिला. आम्ही युनियनच्या विरुद्ध नाही, सभासद व्हायला तयार आहोत, पण दुय्यम नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. करार असा होता की युनियनचा सभासद नसेल त्याला यार्डात काम नाही. नोव्हेंबरात युनियनने त्यांना काढून टाकायला लावले. एका सकाळी शेकडो काळे कामगार फाटकाबाहेर जमले आणि आत गेले नाहीत. युद्ध ऐन भरात असताना तयार वेल्डर बाहेर उभे होते, आत सांधे अर्धवट पडले होते.

देशभक्तीच्या नावाने त्यांना गप्प करायचा प्रयत्न झाला नसता तरच नवल. जेम्स कोर्टात गेला. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेले पहिले काळे न्यायाधीश थर्गुड मार्शल तेव्हा एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे वकील होते. त्यांनीही या प्रकरणात लक्ष घातले. संघराज्याच्या न्यायालयाने हा आपल्या कक्षेतला विषय नाही म्हणून हात झटकले. मग मरीन काउंटीच्या न्यायालयाने 1944 च्या फेब्रुवारीत कामगारांच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 1944 रोजी तो कायम केला. मुख्य न्यायाधीश फिल गिब्सन यांच्या निकालातला मुद्दा थोडक्यात असा : ज्या युनियनच्या हातात नोकरीची किल्ली आहे तिला आपले दार वंश पाहून बंद ठेवता येणार नाही. एक तर सर्वांना सारख्या अटींवर घ्या, नाही तर सभासदत्वाची सक्ती सोडा. दुय्यम शाखेतला प्रवेश म्हणजे सारख्या अटींवरचा प्रवेश नव्हे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. हेल्परपासून कारागिरापर्यंतच्या बढतीला मुख्य शाखेची संमती लागते, या कलमाची त्यात दखल आहे. न्यायाधीशांनी आयुष्यात रॉड धरला नसेल, पण शिडी नेमकी कुठे कापली जाते हे त्यांना दिसले.

इथे थोडे विषयांतर करतो. याच काळात वेल्ड केलेली काही जहाजे तडकली. 'स्केनेक्टडी' हा टँकर 1943 च्या जानेवारीत पोर्टलंडच्या गोदीत शांत पाण्यात उभ्याउभ्या दुभंगला. लगेच बोटे वळली ती आठवड्यांत शिकलेल्या नव्या वेल्डरांकडे. शेतातून उचलून आणलेली माणसे, बाया, काळे, त्यांच्याकडून आणखी काय होणार! काही सांध्यांत दोष निघालेही, ते नाकारण्याचे कारण नाही. पण मूळ व्याधी पोलादात होती. थंडीत ते काचेसारखे ठिसूळ होत असे, हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या संशोधक बाईंनी दाखवून दिले. डेकवरच्या चौकोनी तोंडांचे कोपरे तडे सुरू करीत होते, तो आराखडा काढणाऱ्यांचा दोष. 'गुणवत्ता घसरली' ही ओरड आपल्याकडे राखीव जागांच्या संदर्भात उठते, तेव्हा मला हा टँकर आठवतो. पोलाद तपासायच्या आधी हात तपासले जातात, आणि हातांतही आधी कोणाचे तपासायचे ते ठरलेले असते.

1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यूबॉय यांना पत्र लिहिले. तेव्हाच्या भाषेप्रमाणे 'नीग्रो'च म्हणून त्यांनी काळ्यांच्या प्रश्नाचा उल्लेख केला. आपण त्याचे अभ्यासक आहोत आणि त्यांची व अस्पृश्यांची स्थिती बरीच सारखी आहे, असे कळवून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. द्यूबॉय तेव्हा जेम्सच्या बाजूने उभ्या राहिलेल्या त्याच एन.ए.ए.सी.पी.मध्ये काम करीत होते. या पत्राची आठवण आपण दलित पँथरच्या संदर्भात, कविता आणि आत्मकथनांच्या संदर्भात काढत आलो आहोत. ती कारखान्याच्या फाटकापाशीही काढायला हवी. काळ्यांची कविता आपण वाचली, पण त्यांची वेतनचिठ्ठी आपण फारशी वाचलेली नाही.

निकाल लागला तेव्हा युद्ध उताराला लागले होते. 1945 च्या ऑगस्टमध्ये ते संपले. टँकरांच्या मागण्या थांबल्या आणि पुढच्या वर्षी मरीनशिप बंद झाले. ज्या यार्डात समान सभासदत्व मिळाले ते यार्डच राहिले नाही. दुय्यम शाखा पुढच्या काही वर्षांत मोडीत निघाल्या, पण तोवर किनाऱ्यावरची वेल्डिंगची कामे आटली होती आणि शेवटी आलेल्यांना आधी काढावे हा नियम काळ्यांना सर्वांत आधी लागला. मरीन सिटीतले गोरे हळूहळू आसपासच्या नव्या उपनगरांत घरे घेऊन गेले. काळ्यांना तिथे घर मिळत नव्हते. खरेदीखतातच अट असे की हे घर गोऱ्याशिवाय कोणाला विकू नये. अशा अटी कोर्टांनी लागू करू नयेत, हा निकाल 1948 मध्ये लागला, पण घर विकणाऱ्यांचे मन त्या वर्षी बदलले नाही. उभा सांधा मारणारी माणसे युद्धकाळात बांधलेल्या त्या तात्पुरत्या लाकडी घरांतच राहिली. यार्डाची रिकामी जागा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती.